वेग डब्यावर छापतात, खोली नाही

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नामिबिया सरकारने ७२३ वन्य प्राणी मारून त्यांचे मांस दुष्काळाने गांजलेल्या लोकांना वाटायचे ठरवले. त्यात ८३ हत्ती होते, ३० पाणघोडे आणि ६० रानरेडे होते. पुढच्याच महिन्यात झिम्बाब्वेने २०० हत्तींबाबत तसाच निर्णय जाहीर केला. जगभर वाद पेटला. मारावे की मारू नये हा वाद व्हायलाच हवा, आणि त्यात प्राण्यांची बाजू घेणाऱ्यांचा आवाज मोठा असावा असेच मला वाटते. पण निर्णय एकदा झाला की दुसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मारायचे कसे? पाच टनांचे जनावर काही कळायच्या आत जागच्या जागी कोसळते, की अंगात शिसे घेऊन दोन दिवस रानात फिरते आणि माग काढत आलेल्या माणसावर झाडीतून उलटते, हे एका साध्या गोष्टीवर ठरते. गोळी मर्मस्थानापर्यंत पोचली की वाटेतच थांबली? माझे म्हणणे असे की काडतुसांच्या जाहिराती, शिकाऱ्यांच्या पैजा आणि खुद्द काही देशांचे कायदे ही गोष्ट मोजतच नाहीत. ते वेग मोजतात आणि वेगातून निघणारी ऊर्जा मोजतात. मोठ्या, धोकादायक जनावराच्या बाबतीत हे माप अपुरे आहे आणि काही वेळा सरळ दिशाभूल करणारे आहे.

झिम्बाब्वेचा नियम पाहा. हत्ती, पाणघोडा आणि रानरेडा मारायचा तर गोळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान ५.३ किलोज्यूल हवी. नामिबियात याच वर्गाच्या जनावरांसाठी ५,४०० ज्यूलची अट आहे. टांझानियात त्यांच्यासाठी .३७५ बोअरपेक्षा, म्हणजे .३७५ इंच व्यासापेक्षा, लहान रायफल चालत नाही. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. हलक्या बंदुकीने हत्तीवर बार टाकून त्याला जायबंदी करणाऱ्यांना आवर घालावा, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. अडचण ऊर्जेच्या सूत्रात आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. त्यामुळे ऊर्जेचा आकडा फुगवायचा सोपा मार्ग म्हणजे गोळी हलकी करायची आणि वेग वाढवायचा. कारखान्यांना हे फार पूर्वीच उमगले. काडतुसाच्या डब्यावर वेग छापलेला असतो, ऊर्जा छापलेली असते. ही गोळी हाडामांसात किती खोल आणि किती सरळ जाते, हे मात्र छापलेले नसते.

एकाच रायफलीचे उदाहरण घेतले की मुद्दा स्पष्ट होतो. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूककारांनी १९१२ साली आणलेले .३७५ मॅग्नम हे काडतूस आजही आफ्रिकेत सर्वमान्य आहे. त्यात दोन वजनांच्या गोळ्या वर्षानुवर्षे मिळतात. एक २७० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसतरा ग्रॅमची, जी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने निघते. दुसरी ३०० ग्रेनची, सुमारे १९.४ ग्रॅमची, वेग ७७० मीटर. हिशेब केला तर हलक्या गोळीची ऊर्जा ५.९ किलोज्यूलला भिडते आणि जड गोळीची ५.८ च्या आत राहते. कायद्याच्या तराजूत हलकी गोळी सरस. पण हत्ती किंवा रानरेड्यासमोर उभा राहणारा जाणता माणूस डोळे मिटून जड गोळी निवडतो. त्याचा तराजू वेगळा आहे, आणि त्यामागे भक्कम कारण आहे.

ते कारण असे. मांसातून जाणाऱ्या गोळीला होणारा अडथळा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. सुरुवातीला मिळालेला जादा वेग पहिल्या काही इंचांतच खर्ची पडतो आणि खोलीत त्याची भर अगदी थोडी पडते. याउलट गोळीच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती वजन रेटा देते आहे, हे प्रमाण खोलीत जवळजवळ जसेच्या तसे उतरते. ढोबळ गणित असे सांगते की आकार न बदलणाऱ्या गोळीचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर खोली पाचेक टक्के वाढेल, पण हे वजनाचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवले तर खोलीही दहा टक्क्यांच्या आसपास वाढेल. आता .३७५ च्या त्या दोन गोळ्या पुन्हा पाहू. हलक्या गोळीत हे प्रमाण चौरस सेंटिमीटरमागे साडेचोवीस ग्रॅम आहे, जडमध्ये सव्वासत्तावीस. त्याहून कितीतरी मोठी वाटणारी .४७० नायट्रो एक्स्प्रेस ही दुनळी रायफल सुमारे ३२ ग्रॅमची गोळी फेकते, पण तिचे प्रमाणही अठ्ठावीसच्या आसपासच आहे. हत्तीसाठी घडलेल्या गोळ्या व्यासाने कितीही वेगळ्या असल्या तरी या एका मापावर एकमेकींच्या जवळ येतात. कोणी कायदा करून ते ठरवले नव्हते. पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून ते ठरले.

यात सगळ्यात डोळ्यांत भरणारे उदाहरण वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडातल्या करामोजा भागात आणि पुढे आफ्रिकेत इतरत्र त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले. आज ही संख्या वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. हस्तिदंताच्या व्यापाराने आफ्रिकेतल्या हत्तींची जी वाताहत केली, बेल तिचा एक भाग होता. त्याचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. पण त्याने मागे ठेवलेला पुरावा नाकारता येत नाही. यातले बहुतेक हत्ती त्याने सात मिलिमीटरच्या रायफलीने मारले, जिला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणत. गोळी ११ ग्रॅमची, बोथट गोल नाकाची, पूर्ण धातूच्या कवचातली, म्हणजे शिकारी जिला ‘सॉलिड’ म्हणतात ती. वेग सेकंदाला ७०० मीटर. ऊर्जा पावणेतीन किलोज्यूल, आजच्या झिम्बाब्वेच्या अटीच्या जेमतेम निम्मी. पण चौरस सेंटिमीटरमागचे वजन काढून पाहा, ते सव्वासत्तावीस ग्रॅम भरते. .३७५ च्या जड गोळीइतकेच!

बेलची दुसरी तयारी याहून महत्त्वाची होती. मेलेल्या हत्तीची कवटी त्याने करवतीने उभी कापून पाहिली होती. हत्तीचे डोके बाहेरून प्रचंड दिसते. आत बहुतेक भाग मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांच्या हाडाचा असतो. पाचेक किलोचा मेंदू मागच्या बाजूला, खालच्या अंगाला, दोन्ही कानांच्या छिद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास दडलेला असतो. समोरून नेम धरला तर गोळीला त्या जाळीदार हाडातून सुमारे अर्धा मीटर वाट काढावी लागते. हत्तीने सोंड उंचावून डोके वर केले की कपाळावरची नेम धरायची जागा वीतभर सरकते. बाजूने नेम धरला तर अंतर कमी, पण जागा तितकीच नेमकी लागते. या अर्ध्या मीटरच्या प्रवासात गोळी वाकली, फुटली किंवा कलंडली, तर नळीतून निघताना तिच्यात किती ज्यूल होते याने काहीही फरक पडत नाही. बेलची गोळी सरळ जात होती आणि कुठे जायचे ते त्याला माहीत होते. त्याच्या कारकिर्दीतून यापलीकडे कुठलाही निष्कर्ष काढू नये.

त्याच काळातली दुसरी घटना याच्या अगदी उलट टोकाची आहे. १९११ च्या सुरुवातीला आजच्या केनियात, नैरोबीजवळच्या माळरानावर, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचे बंधू जॉर्ज ग्रे यांच्यावर एका सिंहाने झेप घेतली. ग्रे नवखे नव्हते, त्यांना आफ्रिकेचा अनुभव होता. त्यांच्या हातात .२८० रॉस ही त्या काळची सर्वांत वेगवान म्हणून गाजलेली रायफल होती. गोळी नऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या घरात. ऊर्जा साडेतीन किलोज्यूलहून अधिक, म्हणजे बेलच्या गोळीपेक्षा निदान पाऊण किलोज्यूल जास्त. धावून येणाऱ्या सिंहाला त्यांच्या गोळ्या लागल्या. सिंह थांबला नाही. त्याने ग्रेंना फाडले आणि काही दिवसांनी नैरोबीत त्यांचा मृत्यू झाला. रॉसच्या त्या काळच्या गोळ्या हलक्या होत्या आणि अंगाला लागताच उमलायच्या अशा घडवलेल्या होत्या. लांबवरच्या हरणावर त्या उत्तम चालत. पण चार-दोन पावलांवर, पूर्ण वेगात असताना, दोन क्विंटलच्या सिंहाच्या पिळदार खांद्यावर आदळल्या की वरच्यावरच फुटत. जखम रुंद आणि भयंकर दिसे, पण हृदयापर्यंत किंवा मणक्यापर्यंत काही पोचत नसे. त्या अंतरावर जास्त वेग हाच गोळीचा शत्रू ठरला.

उमललेल्या गोळीचे गणितही समजून घ्यावे. गोळीचे नाक पसरून व्यास दीडपट झाला तर समोरचे क्षेत्रफळ सव्वादोनपट होते, व्यास दुप्पट झाला तर चौपट. वजन तेवढेच राहते, उलट तुकडे उडून ते कमीच होते. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागचा रेटा त्याच प्रमाणात घटतो. विहिरीत सूर मारणारा पोर तळाला हात लावून येतो आणि पोटावर आपटणारा पाण्याच्या वरच्या थरातच अडतो, दोघांनी एकाच काठावरून सारख्याच वेगाने उडी घेतलेली असली तरी. शिवाय हवेत गोळीला सरळ ठेवणारी गिरकी मांसात पुरी पडत नाही, कारण मांस हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. टोकदार नाकाची लांबट गोळी हवा सुंदर कापते, पण मांसात शिरल्यावर कलंडून आडवी व्हायला बघते. आडवी झाली की ती वाट सोडते. म्हणूनच हत्तीच्या गोळ्या बोथट असतात, आणि आजच्या उत्तम गोळ्यांचे नाक तर सपाट असते. सपाट नाकापुढे मांस बाजूला फेकले जाऊन पोकळी तयार होते आणि गोळी तीत सरळ राहते. लांब पल्ल्यावर हे नाक वेग गमावते, पण हत्तीवर कोणी तीनशे मीटरवरून नेम धरत नाही, धरूही नये.

इथे जाणकार वाचक आक्षेप घेईल की ही जुनी गोष्ट झाली, आता गोळ्या सुधारल्या. सुधारल्याच आहेत, आणि त्या कशा सुधारल्या हे पाहण्यासारखे आहे. १९४६ साली जॉन नोस्लर हा अमेरिकी माणूस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस जातीचे मोठे हरीण मारायला गेला. त्याच्याकडची .३०० मॅग्नम रायफल चांगली वेगवान होती. चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटत गेल्या. परतल्यावर त्याने जास्त वेगाचे काडतूस शोधले नाही. त्याने गोळी बदलली. तांब्याच्या कवचाच्या मधोमध आडवी भिंत ठेवली, पुढच्या कप्प्यातले शिसे उमलायचे आणि मागच्या कप्प्यातले शाबूत राहून पुढे रेटायचे. १९४८ पासून ती विक्रीला आली. पुढे अखंड तांब्याच्या आणि पितळी गोळ्या आल्या, ज्या वेग वाढला तरी तुकडे होत नाहीत. म्हणजे आज वेग धोक्याचा वाटत नसेल, तर त्याचे श्रेय गोळीच्या घडणीला आहे. डब्यावरचा वेग तोच ठेवून आतली गोळी बदलली तर निकाल संपूर्ण बदलतो. मग ज्या नियमात गोळीच्या घडणीचा उल्लेखच नाही, तो नेमके काय तपासतो?

मात्र वेगाला अगदीच क्षुल्लक मानणेही चुकीचे आहे, आणि याचा पुरावा आफ्रिकेतच आहे. १९५६ साली विंचेस्टर कंपनीने .४५८ मॅग्नम आणले. जुन्या महागड्या दुनळ्यांचे काम सामान्य माणसाला परवडणाऱ्या रायफलीत करायचे, ही कल्पना फार चांगली होती. गोळी ३२ ग्रॅमची, आणि चौरस सेंटिमीटरमागचे वजन या लेखातल्या सगळ्या गोळ्यांत जास्त. पण नळकांडे आखूड ठेवल्यामुळे दारू त्यात दाबून भरावी लागे, आणि साठवणीत ती गठ्ठा होऊन नीट जळत नसे. काही काडतुसांचा प्रत्यक्ष वेग जाहीर आकड्याच्या बराच खाली उतरला. गोळ्या हत्तीच्या डोक्यात आणि रानरेड्याच्या छातीत अपुऱ्या राहू लागल्या, तक्रारी वाढल्या. १९५९ साली मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याला जखमी रानरेड्याने उचलून फेकले. त्या अनुभवातून त्याने पुढे .४५८ लॉट हे जास्त लांबीचे काडतूस तयार केले. त्यात गोळी तीच ठेवली आणि हरवलेला वेग परत मिळवला. यावरून वेगाची योग्य जागा कळते. जड, मजबूत गोळीला सेकंदाला साडेसहाशे ते साडेसातशे मीटरचा वेग मिळाला की ती आपले काम करते. त्याच्या बरेच खाली ती वाटेत दमते. त्याच्या वर नेल्यास मिळकत थोडी आणि धक्का मोठा. रायफलीचा धक्का वाढला की माणूस चाप ओढताना नकळत दचकतो आणि नेम चुकतो. चुकलेल्या नेमाची भरपाई करणारा वेग कुठल्याही काडतुसात भरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोळी फक्त भोक पाडत नाही, तिच्या धडकेनेही जनावर हादरते, असे अनेक अनुभवी लोक सांगतात. जॉन टेलर या आयरिश शिकाऱ्याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात यासाठी एक सूत्रच मांडले. गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याने प्रत्येक काडतुसाला गुण दिले. .४७० ला ७० च्या पुढे गुण मिळतात आणि बेलच्या रायफलीला जेमतेम १६. हे सूत्र लोक आज वाटेल त्या जनावराला लावतात. खुद्द टेलरने ते बऱ्याच मर्यादित प्रश्नासाठी वापरले होते. हत्तीच्या डोक्यावर झाडलेल्या सॉलिडने मेंदू थोडक्यात हुकला, तर हत्ती किती वेळ बेशुद्ध पडेल? तिथे जाड, जड गोळीचा फायदा आहे हे मला मान्य आहे. टेलरने वेगाचा वर्ग घेतला नाही, साधा वेग घेतला, हेही लक्षात ठेवावे. ऊर्जेच्या आकड्यावर त्याचाही विश्वास नव्हता. राहिला वेगवान गोळीच्या भोवती क्षणभर फुगणाऱ्या पोकळीचा मुद्दा. पन्नास किलोच्या हरणात ती पोकळी छातीचा मोठा भाग व्यापते, म्हणून हरिण तिथेच पडते. सातशे किलोच्या रानरेड्यात तीच पोकळी एका कोपऱ्यात फुगते आणि लवचीक मांसात विरते. हरणावरचा अनुभव रानरेड्यावर लावणे हीच ती चूक, जिने माणसे मेली आहेत.

तिसरा आक्षेप असा की हा युक्तिवाद लहान बंदुकीच्या बाजूने जातो आणि त्यातून धोका वाढेल. तसे होऊ नये, म्हणून स्पष्ट लिहितो की व्यासाची किमान अट काढून टाका असे मी म्हणत नाही. बेलने बरेचसे हत्ती असे मारले ज्यांना बंदुकीची फारशी ओळख नव्हती. ते शांत उभे असत. त्याला वेळ मिळे, कोन निवडता येई. आजचा हत्ती माणसाला ओळखतो. दाट झाडीत दहा पावलांवरून तो अंगावर येतो तेव्हा कोन निवडायला सवड नसते, आणि मेंदू हुकला तरी त्याला थोपवील अशी जाड गोळी हवी असते. पुढे चालणारा माग काढणारा, जो बहुधा स्थानिक गरीब माणूस असतो आणि ज्याच्या हातात बंदूकही नसते, त्याचा जीव या क्षणी मागच्या माणसाच्या काडतुसावर टांगलेला असतो. म्हणून किमान व्यास राहू द्या. पण ऊर्जेच्या अटीच्या जागी, निदान तिच्या जोडीला, गोळीचे किमान वजन आणि गोळीचा प्रकार लिहा. हत्ती आणि पाणघोड्यासाठी न उमलणारी सॉलिड, हे एक वाक्य पाच हजार ज्यूलच्या अटीपेक्षा जास्त जनावरांना यातनांतून सोडवील.

खोलवर जाणारी गोळी नेहमीच बरी, असेही नाही. सॉलिड रानरेड्याच्या छातीतून आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला जखमी करू शकते, आणि कळपात हे सहज घडते. सिंह किंवा बिबट्याच्या अंगात सॉलिड एक बारीक भोक पाडून निघून जाते आणि जनावर जिवंत राहते. त्यांच्यासाठी उमलणारी पण फुटून विखरणारी नाही अशी गोळी लागते, आणि ग्रेंच्या रायफलीत नेमकी तीच नव्हती. रानरेड्यावर पहिला बार मजबूत उमलणाऱ्या गोळीचा, तोही मागे दुसरे जनावर नाही याची खात्री करून, आणि पळणाऱ्या जखमी जनावरावर पुढचे बार सॉलिडचे, हा आफ्रिकेत रुळलेला रिवाज अनुभवातून आला आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा गोळीच्या निवडीपाशी येतो. जनावर कोणते, कोन कोणता, वाटेत हाड किती, हे पाहून पुरेशी खोली ठरवावी लागते. ऊर्जेच्या एका आकड्यात हे तिन्ही प्रश्न मावत नाहीत.

शिकारीवर बंदी असलेल्या आपल्या देशात हे कशाला सांगता, असे विचारले जाईल. पहिली गोष्ट, बंदुकीच्या व्यासावर बेतलेल्या कायद्याचे परिणाम जगाला भारतानेच दाखवले. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने .४५० बोअरची काडतुसे भारतात आणायला मनाई केली. बंडखोरांच्या हातात असलेल्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या गोळ्या उपयोगी पडतील ही भीती त्यामागे होती. बंदूककारांनी लगेच .४६५, .४७० अशी जवळपास त्याच ताकदीची काडतुसे पुढे आणली. कागदावर बोअर बदलले, जनावराला काही फरक पडला नाही. त्याच वर्षी कुमाऊंत चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी होती, बेलच्या हातातल्या काडतुसाचीच. वाघाचे अंग आणि हत्तीची कवटी यांना लागणाऱ्या गोळ्या वेगळ्या. नुसते बोअर सांगून काहीच सांगितले जात नाही.

दुसरी गोष्ट आजची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली माणसांच्या जिवावर उठलेल्या जनावराला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. शेतीची नासाडी करणारी रानडुकरे आणि नीलगायी मारायला महाराष्ट्रात २०१५ पासून परवानगीची तरतूद आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजे अवनी ही वाघीण मारली गेली तेव्हा देशभर वाद झाला. तिला मारण्याची गरज होती का, बेशुद्ध करण्याचे प्रयत्न पुरेसे झाले का, हे त्या वादाचे प्रश्न होते आणि ते रास्त होते. बेशुद्ध करून पकडणे हाच पहिला मार्ग असायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो मार्ग खुंटल्यावर काय, याबद्दल राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत योग्य बोअरचे शस्त्र आणि अंगी कौशल्य असलेला माणूस अशी भाषा आहे. माणसाच्या कौशल्याचा उल्लेख आहे हे फार चांगले. पण योग्य बोअर हे शब्द पुरेसे नाहीत, ते का, हे वर सविस्तर आले आहे. उद्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात जखमी, बिथरलेल्या गव्याबाबत असा आदेश निघाला, तर आठशे किलोच्या त्या जनावरासाठी डुकराला लागणारी गोळी चालणार नाही, मग बोअर तेच का असेना.

म्हणून आदेशात काही गोष्टी लिहून यायला हव्यात. गोळीचे वजन किती आणि ती उमलणारी की न उमलणारी, जास्तीत जास्त किती अंतरावरून आणि कोणत्या कोनातून बार टाकायचा, मागे लगेच दुसरा बार द्यायला कोण उभा असेल. तेच काडतूस, त्याच रायफलीतून, ठरलेल्या अंतरावर आधी झाडून पाहिल्याची नोंदही हवी. यात खर्च जवळजवळ काही नाही. संरक्षित जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यक करतातच. त्या अहवालात गोळी कुठून शिरली, कोणत्या हाडातून गेली, किती सेंटिमीटरवर थांबली, वाट सरळ राहिली की वळली आणि बाहेर काढल्यावर तिचे वजन किती भरले, एवढे पाच रकाने वाढवावेत. आफ्रिकेतल्या वन्यजीव खात्यांनीही प्रत्येक मारलेल्या हत्तीबाबत हेच करावे. चार-पाच वर्षांत अशा नोंदी जमल्या, तर पुढच्या आदेशात कोणती गोळी लिहायची हे कुणाच्या जाहिरातीवरून किंवा ऐकीव कीर्तीवरून ठरवावे लागणार नाही.